हिरवळीला विश्रांती देणारा विजेता

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज येथील ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचे जगप्रसिद्ध मैदान एरवी रविवारी खेळासाठी बंद असते. ज्या हिरवळीवर एकदा तरी खेळावे असे जगभरातील खेळाडूंचे स्वप्न असते, तेथे त्या दिवशी गावकरी निवांत फेरफटका मारतात. रविवार हा धर्माने विश्रांतीचा वार मानलेलाच होता. टॉम मॉरिस यांनी त्याला मैदानाचे कारण जोडले. खेळाडूंना विश्रांती नको असेल, पण गवताला ती हवीच, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले.

मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूज येथेच एका विणकराच्या घरी झाला. किशोरवयात ते अॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. कातडी पिशवीत पिसे ठासून गोल्फचे चेंडू बनविण्याचा रॉबर्टसन यांचा व्यवसाय होता. पुढे गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनविलेले स्वस्त चेंडू बाजारात आले. त्यावरून गुरू-शिष्यांत बिनसले आणि १८५१ मध्ये मॉरिस यांनी पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकची वाट धरली.

प्रेस्टविकला त्यांनी बारा खळग्यांचे मैदान आखले आणि त्याची निगाही स्वतःच राखली. तेथेच त्यांना वाळूचे महत्त्व उमगले. वाळूची एक हातगाडी चुकून हिरवळीवर उलटली आणि काही दिवसांनी नेमक्या त्याच जागी गवत अधिक जोमाने वाढलेले दिसले, असे सांगितले जाते. वाळूच्या पातळ थराने जमिनीचे उंचसखल भाग भरून निघतात, पाण्याचा निचरा होतो आणि गवताच्या बुडाशी साचणारा मृत काड्यांचा थर दाट होत नाही. किनाऱ्यावरील बारीक पात्याच्या गवताला अशी कोरडी, हलकी जमीनच मानवते. पुढे हिरवळीवर वाळू पसरणे हा मॉरिस यांचा ध्यासच झाला.

१८६० मध्ये प्रेस्टविकला पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. त्यात मॉरिस दुसरे आले. मात्र १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ मध्ये त्यांनी विजेतेपद पटकावले. शेवटच्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. ‘ओपन’चा सर्वांत वयस्कर विजेता हा त्यांचा विक्रम दीडशे वर्षांनंतरही अबाधित राहिला.

दरम्यान, सेंट अँड्र्यूजला त्यांची आठवण झाली होती. वार्षिक ५० पौंड वेतनावर मैदानाचे रखवालदार म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. मैदानाची अवस्था तेव्हा बिकट होती. काटेरी झुडपांनी मार्ग अरुंद झाले होते आणि वाढत्या खेळाडूंच्या पायांखाली हिरवळ झिजत होती. स्कॉटलंडच्या थंडीत गवताची वाढ जवळपास थांबते. त्या काळात पडलेले ओरखडे वसंतापर्यंत भरून येत नाहीत. मॉरिस यांनी झुडपे हटविली, हिरवळी मोठ्या केल्या, त्यांवर पुन्हा पुन्हा वाळू घातली आणि पहिल्या खळग्यासाठी स्वतंत्र हिरवळ तयार केली. त्यामुळे मैदानावर उलट-सुलट अशा दोन्ही दिशांनी खेळणे सोयीचे झाले. पुढे अनेक वर्षे आठवड्याआड दिशा बदलली जात असे, त्यामुळे झीज एकाच जागी होत नसे.

या काळात त्यांचा मुलगा टॉमी वडिलांनाही मागे टाकू लागला होता. १८६८ पासून त्याने ‘ओपन’ चार वेळा जिंकली. सप्टेंबर १८७५ मध्ये पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे एका सामन्यात गुंतले असताना टॉमीची पत्नी प्रसूतीत दगावली. बाळही वाचले नाही. टॉमी त्या धक्क्यातून सावरला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, अवघ्या २४ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मॉरिस यांच्या पत्नीनेही जगाचा निरोप घेतला.

मॉरिस यांनी मैदान मात्र सोडले नाही. ज्या हिरवळीवर मुलाला खेळताना पाहिले, तिची निगा त्यांनी त्यानंतरही पाव शतकाहून अधिक काळ राखली. म्यूरफिल्डसह अनेक मैदानांची आखणी करून १९०३ मध्ये ते निवृत्त झाले. २४ मे १९०८ रोजी एका क्लबमधील जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले. गावातील कॅथेड्रलच्या आवारात मुलाच्या सान्निध्यातच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

ओल्ड कोर्सच्या अठराव्या खळग्याला आज मॉरिस यांचे नाव आहे. त्यांची चार विजेतेपदे इतिहासात नोंदली गेली. पण जगभरातील मैदानांवर हंगामागून हंगाम हिरवळीवर वाळू पसरणारे हात त्यांचाच वारसा चालवीत आहेत.