टेबलाच्या कडेवरून: गॅलिलिओचा दुसरा शोध

गॅलिलिओ म्हटले की आपल्याला दुर्बीण आठवते, नाहीतर पिसाचा कललेला मनोरा. आपल्यासारख्या कॅडेट्सनी मात्र त्याची आणखी एक ओळख ठेवायला हवी. हवेत फेकलेली वस्तू कोणत्या वाटेने जाते, हे त्याने शोधून काढले. हा शोध त्याने चव्वेचाळिसाव्या वर्षी लावला आणि तो छापून आला तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. मधल्या तीस वर्षांत त्याने खूप मिळवले आणि जवळजवळ सगळे गमावले.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील व्हिन्सेन्झो संगीतकार होते. तारांवर वजने टांगून त्यांचे स्वर तपासण्याचा त्यांना नाद होता. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला पिसा विद्यापीठात घातले, पण त्याचे मन गणितात रमले आणि पदवी न घेताच तो बाहेर पडला. १५८९ मध्ये तो तिथेच गणित शिकवू लागला आणि १५९२ मध्ये व्हेनिसच्या राज्यातील पादुआ विद्यापीठात गेला.

त्याच्या आदल्या वर्षी वडील वारले होते. गॅलिलिओ थोरला, त्यामुळे बहिणींच्या हुंड्याचा भार त्याच्यावर आला. पगार पुरेना. मग त्याने विद्यार्थी घरीच राहायला ठेवले आणि त्यांना किल्लेबांधणी व लष्करी गणित शिकवू लागला. कोणत्या तोफेत किती दारू भरायची याचा हिशेब करता येईल असा एक कंपासही त्याने बनवला. हे कंपास घडवायला एक कारागीर त्याच्या घरीच राहत असे. म्हणजे घराचा निम्मा भाग वसतिगृह आणि निम्मा कारखाना!

तोफ चालवणाऱ्याला मराठीत पूर्वी गोलंदाज म्हणत. आज तो शब्द आपण क्रिकेटसाठी वापरतो. त्या काळच्या युरोपातल्या गोलंदाजांना अनुभव होता, पण नियम माहीत नव्हता. जुने मत असे होते की गोळा आधी सरळ रेषेत जातो, जोर संपला की खाली पडतो. एका वस्तूत दोन गती एकाच वेळी सुखाने नांदू शकत नाहीत, असे विद्वान मानत. टार्टाग्लिया नावाच्या गणितज्ञाने १५३७ मध्ये सांगितले होते की तोफ ४५ अंशांवर ठेवली तर पल्ला सर्वांत जास्त मिळतो. ते बरोबर होते, पण गोळ्याची खरी वाट त्यालाही सापडली नव्हती.

गॅलिलिओने तोफेपासून सुरुवात केली नाही. तोफगोळा इतका वेगवान असतो की त्या काळी तो मोजणेच शक्य नव्हते. म्हणून त्याने पडणे मंद केले. लाकडी तुळईत गुळगुळीत खोबण करून, ती थोडी तिरकी ठेवून त्याने तिच्यातून ब्राँझची गोळी सोडली. वेळ मोजायला पुरेसे अचूक घड्याळ नव्हते, तेव्हा भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तो वजन करून मोजत असे. त्याला आढळले की वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट होते.

त्यानंतर १६०८ च्या सुमारास त्याने तो टेबलावरचा प्रयोग केला. गोळी उतारावरून येई, टेबलाच्या कडेवरून आडवी सुटे आणि जमिनीवर पडे. टेबल ८२८ पुंती उंच होते. पुंती हे त्याचे माप साधारण एका मिलिमीटरएवढे, म्हणजे ते आपल्या प्रयोगशाळेतल्या टेबलाएवढेच होते. गोळी ३०० पुंती उंचीवरून सोडली तेव्हा ती कडेपासून ८०० पुंती दूर पडली. त्यावरून त्याने गणित केले की ८०० उंचीवरून सोडली तर १३०६ वर पडायला हवी. ती पडली १३२८ वर. १००० उंचीला अपेक्षा १४६० ची होती. पडली १५०० वर. त्याने दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी फरकही मांडला: २२ आणि ४०. हा कागद फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. अभ्यासकांचे त्याकडे नीट लक्ष गेले ते थेट १९७० नंतर.

यातून एक साधी गोष्ट दिसली. गोळीला दोन गती एकाच वेळी असतात. आडवी गती तशीच राहते, खालची वाढत जाते आणि एक दुसरीला अडवत नाही. दोन्ही मिळून जी वक्ररेषा तयार होते ती पॅराबोला, म्हणजेच अन्वस्त.

आज आपण हेच स्प्रिंग लाँचरने करतो. गॅलिलिओकडे तो नव्हता. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने छापला १६७८ मध्ये. गॅलिलिओचा उतार हीच त्याची स्प्रिंग होती. घर्षण सोडले, तर उंची दुप्पट केल्यावर गोळीचा वेग सुमारे १.४१ पट होतो. स्प्रिंग दुप्पट दाबली तर मात्र तिच्यातली ऊर्जा चौपट होते, म्हणून वेग दुप्पट होतो आणि आडवी सोडलेली गोळी दुप्पट दूर पडते.

हे सगळे लगेच छापून झाले असते, पण १६०९ मध्ये दुर्बीण हातात आली आणि गॅलिलिओ आकाशाकडे वळला. गुरूचे चंद्र दिसले, नाव झाले, फ्लॉरेन्सच्या दरबारात मान मिळाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताच्या बाजूने त्याने १६३२ मध्ये ग्रंथ काढला. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला गुडघ्यांवर बसवून ते मत सोडायला लावले. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. पुढच्याच वर्षी त्याची लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते वारली.

आता तो काही करणार नाही असे कोणालाही वाटले असते. त्याने मात्र पादुआतले जुने कागद पुन्हा काढले. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील घरात, पहाऱ्यात, त्याने गतीवरचा ग्रंथ पूर्ण केला. इटलीत छापायला बंदी होती, म्हणून हस्तलिखित बाहेर गेले आणि १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे छापले गेले. त्यात गोळ्याच्या वाटेचे गणित आहे, कोनानुसार पल्ल्याचे तक्ते आहेत आणि ४५ अंशांचे कारणही आहे. ४५ पेक्षा जेवढा कोन जास्त किंवा तेवढाच कमी, तेवढाच पल्ला, हेही त्यात सिद्ध केले आहे. ३० आणि ६० अंशांवर लाँचर ठेवून पाहा. सुटण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीत असली, तर गोळी जवळजवळ एकाच ठिकाणी पडते. पुस्तक छापले गेले तेव्हा गॅलिलिओ पूर्ण आंधळा झाला होता. ८ जानेवारी १६४२ रोजी तो वारला.

त्याचा नियम तोफेला जसाच्या तसा लागू पडला नाही, हेही सांगायला हवे. हवा अडवते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. सेकंदाला ५०० मीटर वेगाचा गोळा त्याच्या गणिताने २५ किलोमीटर जायला हवा, पण जुन्या तोफांचे गोळे त्याच्या कितीतरी अलीकडे पडत. १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने दाखवले की वेगवान गोळ्याला हवेचा अडथळा फार मोठा असतो. तरी रॉबिन्ससुद्धा निघाला गॅलिलिओच्या वक्ररेषेपासूनच, आणि आजचा तोफखानाही तिथूनच निघून हवा, वारा व तापमान यांच्या दुरुस्त्या करतो.

मित्रांनो, पुढच्या वेळी लाँचरची गोळी कार्बन पेपरवर पडेल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: अपेक्षित अंतर, मोजलेले अंतर आणि फरक. तिसरा रकाना शून्य करण्यासाठी दुसरा बदलू नका. गॅलिलिओने ते २२ आणि ४० लपवले नव्हते. म्हणूनच आज, चारशे वर्षांनीही, त्याच्या त्या कागदावर आपण विश्वास ठेवतो.