दानशूर राज्यकर्ती अहिल्याबाई होळकर

संत पौलाच्या रोमकरांस पत्रात किंख्रिया येथील फिबीचा उल्लेख आहे. तिने पुष्कळांना, खुद्द पौलालाही साहाय्य केले होते. त्या ग्रीक-रोमन जगात स्वतःच्या धनातून नगराची सेवा करणाऱ्या स्त्रिया विरळ नव्हत्या. पेर्गा नगरीचे वेशीचे प्रवेशद्वार इ. स. 120 च्या सुमारास प्लांकिया माग्ना हिने स्वखर्चाने नव्याने सजविले. मराठी मुलखात अशी स्त्री शोधू लागलो, की आपण अहिल्याबाईंपाशी येऊन थांबतो.

जामखेडजवळील चौंडी येथे 31 मे 1725 रोजी त्यांचा जन्म झाला. 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सती जावयास निघालेल्या सुनेला सासरे मल्हारराव यांनी परावृत्त केले व राज्यकारभारात जाणते केले. पुढे 1766 मध्ये मल्हारराव आणि 1767 मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा डाव मांडला, राघोबादादा फौजेनिशी आले. बाई डगमगल्या नाहीत. पेशवे माधवराव यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सैन्य तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वराहून सुमारे अठ्ठावीस वर्षे कारभार केला.

त्यांच्या दानधर्माचे सर्वत्र कौतुक होते. पण तो पैसा कोठून आला, हे क्वचितच सांगितले जाते. होळकरांच्या दौलतीत सरकारी आणि खासगी असे दोन हिशेब होते. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली होती, तीच ही खासगी. म्हणजे हे धन घरातील स्त्रीच्या हक्काचे होते. अहिल्याबाईंनी ते काशी, गया, सोमनाथ अशा दूरच्या क्षेत्री मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा यांसाठी वेचले. काशी विश्वनाथाचे मंदिर 1780 मध्ये उभे राहिले. यांतील बहुतेक स्थळे त्यांच्या राज्याबाहेरची. आपला समुद्रपूरचा परिसर तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. येथून काशीस जाणारा यात्रेकरू होळकरांची प्रजा नव्हे, तरी तेथील अहिल्याबाई घाट त्यालाही मोकळा होता.

परंतु ज्या स्त्रीला सासऱ्याने चितेपासून मागे फिरविले, तिला आपल्या लेकीला फिरविता आले नाही. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईची विनवणी व्यर्थ ठरली. या एका प्रसंगापुढे राजसत्ता आणि संपत्ती किती तोकडी पडली, हे चरित्रकारांनी अधिक थांबून सांगावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. खासगीची मालमत्ता सांभाळण्यासाठी 1962 साली विश्वस्त संस्था स्थापन झाली. त्या मालमत्तेवरून पुढे वाद न्यायालयात गेला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येते, असा निर्णय दिला.