अड्यारच्या डॉक्टरबाई

बदलीने चेन्नईत आलेल्या आपल्या मराठी मंडळींना अड्यार दोन कारणांनी माहीत होते. एक, थिऑसॉफिकल सोसायटीचा वड, पाहुणे आले की दाखवायला नेतो तो. दुसरे कारण कोणी आवडीने सांगत नाही. घरात किंवा शेजारी कुणाला कॅन्सर निघाला की इथले रिक्षावाले, ऑफिसातले सहकारी, भाजीवाली, सगळे एकच नाव घेतात : अड्यार. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा ते रुग्णालय जिच्यामुळे उभे राहिले त्या बाईंविषयीच लिहायचे मी ठरवले.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टै संस्थानात झाला. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेही याच वर्षी. मुथुलक्ष्मींचे वडील नारायणस्वामी अय्यर तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य होते आणि आई चंद्रम्माळ देवदासी समाजातली. या लग्नामुळे वडिलांना त्यांच्या नातेवाइकांनी दूर केले. अशा घरातली मुलगी मुलांच्या कॉलेजात शिकायला निघाली म्हटल्यावर गावात ओरड झालीच. अखेर खुद्द राजाने परवानगी दिली. १९०७ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात आल्या आणि १९१२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डींशी लग्न करताना त्यांनी अट घातली होती की, नवऱ्याने बरोबरीने वागवायचे आणि कामात आडकाठी आणायची नाही. आजच्या मुलींनाही लग्न ठरवताना एवढे स्पष्ट बोलायला जड जाते, हे माझे निरीक्षण.

पुढे १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या धाकट्या बहिणीचे पोट बिघडले. आमांश समजून औषधे चालू राहिली. गुदाशयाचा कॅन्सर आहे हे कळले तेव्हा हातात काही उरले नव्हते. सख्खी बहीण डॉक्टर असूनही मुलगी वाचली नाही. मुथुलक्ष्मींनी हे आयुष्यभर मनात ठेवले. १९२५ साली त्या स्त्रिया व मुलांच्या आजारांचा अभ्यास करायला इंग्लंडला गेल्या, तेव्हा लंडनच्या रॉयल कॅन्सर हॉस्पिटलमध्येही जाऊन तिथले काम पाहून आल्या.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्याच ओळखीतल्या एका वहिनींनी छातीतली गाठ सात महिने कुणाला सांगितली नव्हती. आधी दिवाळी होऊ दे, मग मुलाची दहावी होऊ दे, असे करत दिवस गेले. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळे झाले, आज त्या ठणठणीत आहेत. त्या काळात तपासणीच्या रांगेत त्यांच्याबरोबर बसायला मी जात असे. आमांश समजून गेलेल्या त्या मुलीची गोष्ट मी त्यांना तिथेच सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की हे स्मरणिकेत लिहा, फक्त माझे नाव घालू नका. म्हणून हा लेख.

इंग्लंडहून परतल्यावर मुथुलक्ष्मी मद्रास विधिमंडळात गेल्या आणि तिथल्या उपाध्यक्षही झाल्या. त्याआधी देशात कुणी स्त्री या पदावर बसली नव्हती. देवळांना मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध त्या सभागृहात लढल्या. ही लढाई त्यांच्या आईच्या घरातून आलेली होती. पूर्ण बंदीचा कायदा व्हायला मात्र १९४७ साल उजाडले. १९३० मध्ये गांधीजींना अटक होताच त्यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास देवदासी घरांतल्या तीन मुली आसरा मागत त्यांच्या दारी आल्या. कुठलेच वसतिगृह त्यांना घेईना. बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतले आणि त्यातून अव्वै होम उभे राहिले.

कॅन्सर रुग्णालयाची कल्पना त्यांनी १९३५ साली, मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दी समारंभात जाहीरपणे मांडली. तेव्हा मुंबईचे टाटा रुग्णालयही सुरू झाले नव्हते. ते १९४१ चे. हा रोग बराच होत नाही, मग त्यासाठी वेगळे रुग्णालय कशाला, असे शिकलेली माणसेही म्हणत. सरकारकडून पुरेशी साथ मिळेना. शेवटी १९४९ मध्ये विमेन्स इंडियन असोसिएशनच्या वतीने निधी सुरू झाला आणि साठी ओलांडलेल्या बाई वर्गणीसाठी फिरू लागल्या. गणपतीची वर्गणी मागताना आपण चार दारांवर नकार ऐकून कंटाळतो. आपल्या पावतीला निदान बाप्पाचे नाव असते. ज्याचे नाव घरात उच्चारायलाही लोक घाबरत, त्या रोगासाठी त्या हात पसरत होत्या.

पंडित नेहरूंच्या हस्ते ऑक्टोबर १९५२ मध्ये पायाभरणी झाली. १८ जून १९५४ रोजी अड्यारला दवाखाना उघडला, खाटा फक्त १२. बाई तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. जाहीर सभेत बोललेला शब्द खरा करायला १९ वर्षे लागली. परदेशात कॅन्सरचे शिक्षण घेतलेला त्यांचा मुलगा, डॉ. कृष्णमूर्ती, तिथे काम करू लागला. पुढच्याच वर्षी २८ वर्षांच्या डॉ. व्ही. शांता, हाती आलेली सरकारी नोकरी सोडून, तिथे रुजू झाल्या. पैसे नाहीत म्हणून रोग्याला परत पाठवायचे नाही, हे धोरण तेव्हापासूनचे.

१९५६ मध्ये बाईंना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९६८ रोजी, ८२ वा वाढदिवस आठ दिवसांवर असताना, त्या गेल्या. कृष्णमूर्तींनी २०१० पर्यंत, आपल्या निधनापर्यंत, संस्थेला साथ दिली. शांताबाई तर संस्थेच्या आवारातच राहत. जानेवारी २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या अड्यारच्या कामाला ६५ वर्षे झाली होती, आणि १२ खाटांचे रुग्णालय शेकडो खाटांचे झाले होते.