श्रमिकांचे कैवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे येते, राज्यघटना येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. ते योग्यच आहे. पण ज्या घरांतून माणसे पहाटेच्या भोंग्याबरोबर डबा घेऊन बाहेर पडत, त्या घरांनी बाबासाहेबांची आणखी एक आठवण जतन केली पाहिजे. कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी परत यावा यासाठी कायद्याने काय करावे, याचा विचार त्यांनी सातत्याने केला आणि अधिकार हाती आला तेव्हा तो अमलातही आणला. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाची हीच बाजू आम्ही उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्याच साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा होऊन कामगारांची आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. त्याआधी मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मालकांकडून मिळवली होती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी सुरू झाली. म्हणजे कामगारांच्या लढ्याची ही वाट फुल्यांच्या माणसांनी घातली होती. बाबासाहेबांनी ती पुढे कितीतरी लांब नेली.

सुभेदार रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईला आले ते परळच्या गिरणगावात. आधी डबक चाळ, मग पोयबावाडीची बी. आय. टी. चाळ. अमेरिका आणि इंग्लंडहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेब त्याच चाळीत राहिले. गिरणी कामगाराचे जिणे त्यांनी नुसते पुस्तकात वाचले नव्हते, ते त्यांच्या दाराबाहेरच होते.

त्या काळी गिरण्यांत आपल्या लोकांना कमी मजुरीच्या खात्यांत काम मिळे. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे धागा तुटला की तो तोंडाने ओला करून जोडावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धाग्याला हात लावायचा कसा, म्हणून ते खातेच आपल्याला बंद! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी आग्रह धरला की कामगारांच्या मागण्यांत हा अन्यायही आला पाहिजे. कामगारांची एकी हवी, पण ती सगळ्यांना बरोबरीने धरणारी हवी, ही त्यांची भूमिका होती.

त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलचे सभासद होते आणि जुलै महिन्यात त्यांनी या बिलाला जोरदार पाठिंबा दिला. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा लाडका राजरत्न गेला होता. माता रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच दगावली, फक्त यशवंतराव वाचले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. हा खर्च खरे तर सरकारने उचलावा, पण जो मालक त्या बाईच्या कष्टावर नफा मिळवतो त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली हा कायदा मुंबई इलाख्यात झाला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी मुंबई सरकारने संपाच्या हक्काला बेड्या घालणारे बिल आणले, तेव्हा ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. एरवी ज्यांच्याशी मतभेद होते त्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबरीने बाबासाहेब त्यात उतरले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद, म्हणजेच मजूरमंत्री झाले. बाहेर महायुद्ध पेटलेले. माल पाहिजे, कोळसा पाहिजे, अशी सरकारची घाई. अशा वेळी कामगाराच्या जिवाची पर्वा कोण करतो? ७ ऑगस्ट १९४२ ला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. त्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. कामगारांची घरेही त्यांनी पाहिली. पुढच्याच जानेवारीत कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून त्या पैशातून कामगारांची घरे, दवाखाने, शिक्षण यांची सोय व्हावी, अशी ती योजना होती.

इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. स्त्रियांना जमिनीखालच्या खाणकामाला १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ साली सरकारने ही बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर कडक टीका झाली आणि उत्तर द्यायला मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनाच उभे राहावे लागले. ही सोय तात्पुरती आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, यावर त्यांनी भर दिला. शब्द पाळला गेला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसल्यावर किती अडचणीतून वाट काढावी लागते, हे यावरून आपल्याला कळते.

त्यांच्या खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. ज्याला आपण ई. एस. आय. म्हणतो, तो दवाखाना मुंबईच्या कामगाराला १९५४ पासून मिळाला. १९४५ साली कायद्यात सुधारणा होऊन वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. त्याच साली कारखान्यांच्या सुरक्षिततेवर सल्ला देणारे मध्यवर्ती खाते उभे राहिले. त्याची केंद्रीय श्रम संस्था पुढे आपल्या मुंबईत सायनला आली.

आठ तासांच्या कामाबद्दल पुष्कळ ठिकाणी १९४२ हे साल छापले जाते. खरा क्रम असा, की १९३४ च्या कायद्याने आठवड्याला ५४ तास काम होते. बाबासाहेबांनी ते कमी करण्याचे बिल १९४६ च्या फेब्रुवारीत मांडले, ते मंजूर झाले आणि १ ऑगस्ट १९४६ पासून बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास झाले. साल बरोबर सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट एकेका तासासाठी किती वर्षे झटावे लागले ते उमजते.

पुढे १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री बाबू जगजीवनराम होते आणि बाबासाहेब कायदामंत्री होते. या कायद्याने आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण अशी तीन स्वतंत्र प्रकरणे केली. प्यायचे पाणी, संडास-मुताऱ्या, हवा-उजेड, धूळ बाहेर काढण्याची सोय, फिरत्या यंत्राला जाळी, प्रथमोपचाराची पेटी, २५० पेक्षा जास्त कामगार असले तर कँटीन, ५० पेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर. १९७६ साली ही संख्या ३० वर आणली गेली. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर, १९८७ साली, धोकादायक कारखान्यांसाठी नवे प्रकरण जोडले गेले. राज्यघटनेतही १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवण्यास मनाई आली. कामाची माणुसकीला धरून असणारी परिस्थिती आणि प्रसूतीची सोय ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिली गेली.

हा १९४८ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला कारखाना म्हणायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. आपल्या वस्तीतली पोरं मोठ्या गिरणीत नाहीत, ती बारा-पंधरा माणसांच्या गाळ्यात आणि ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. हा आकडा बदलल्याची झळ त्यांनाच पोचणार.

म्हणून आमची सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. आपला मुलगा, आपली सून जिथे कामाला जाते तिथे नेमणूकपत्र मिळाले का, विम्याचे कार्ड आहे का, यंत्राला जाळी आहे का, हे विचारा. एकट्याने विचारता येत नसेल तर चौघांनी मिळून विचारा. कागदावरचा कायदा आपोआप कारखान्यात शिरत नाही, त्याला हाताला धरून आत न्यावे लागते. शिका, संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी सांगितले ते यासाठीही. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते आपल्यातून गेले, पण कामगाराच्या घामाला त्यांनी दिलेली किंमत जपणे आता आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!