जगभरच्या होड्या मोजून ठेवणारा एका हाताचा आरमारी अधिकारी

कोकण किनाऱ्यावर आता फत्तेमारी दिसत नाही. एके काळी मंगलोरी कौलं, मीठ, लाकूड असा माल या शिडाच्या गलबतांतून बंदराबंदराला जायचा. फत्तेमारी बांधणारे मिस्त्री कागद वापरत नसत. सगळं माप त्यांच्या नजरेत आणि हातात. माणूस गेला की माप गेलं. तरीही सुमारे १८० वर्षांपूर्वीची फत्तेमारी कशी होती, हे आज आराखड्यावर पाहता येतं. त्याचं बरंच श्रेय जातं फ्रान्सच्या आरमारातल्या फ्रान्स्वा-एदमों पारीस यांना.

पारीस यांचा जन्म १८०६ साली पॅरिस शहरात झाला. लहान वयातच ते आरमाराच्या शाळेत गेले. १८२६ ला द्युमों द्युर्विल या प्रसिद्ध दर्यावर्दीच्या 'आस्त्रोलाब' जहाजावर त्यांना जागा मिळाली आणि तीन वर्षं पॅसिफिक महासागरात फिरायला मिळालं. पुढे 'फाव्होरीत' जहाजावरून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

जहाज बंदराला लागलं की पारीस कागद-पेन्सिल घेऊन किनाऱ्यावर जायचे. तिथल्या होड्या मोजायच्या, हाच त्यांचा नाद. नुसतं चित्र काढून ते थांबत नसत. होडी बाजूने कशी, वरून कशी, समोरून कशी, अशा तिन्ही अंगांनी आराखडा काढायचा. फळ्या कशा जोडल्या, डोलकाठी कुठे रोवली, शीड कसं बांधलं, सुकाणू कसं बसवलं, हे सगळं टिपायचं. चित्र बघून होडीची ओळख पटते, पण मापाच्या आराखड्यावरून ती पुन्हा बांधता येते.

भारताच्या किनाऱ्यावर त्यांना बघण्यासारखं खूप मिळालं. पश्चिमेकडे लांब तिरक्या नाळेची, पुढे झुकलेल्या डोलकाठ्यांची फत्तेमारी होती. पूर्वेकडे कोरोमंडल किनाऱ्यावर तर खिळाच नसलेल्या होड्या होत्या. त्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असायच्या. लाटेचा दणका बसला की होडी फुटायची नाही, लवायची. तिथल्या लोकांनी त्या समुद्राला बरोबर ओळखलं होतं, हे पारीस यांच्या ध्यानात आलं.

याच भारतात त्यांच्यावर मोठं संकट आलं. 'आर्तेमीझ' जहाजावरून १८३७ ते १८४० अशी आणखी एक पृथ्वीप्रदक्षिणा झाली. त्या सफरीत पाँडिचेरीला ते एका कारखान्यात यंत्रं बघायला गेले होते. तिथे त्यांचा डावा हात यंत्राच्या दातेरी चाकांत सापडला आणि कायमचा गेला. आरमारातल्या माणसाचा हात जाणं म्हणजे नोकरीच संपण्यासारखं. पण पारीस यांनी ना समुद्र सोडला, ना आराखडे काढणं. उजव्या हाताने काम चालू राहिलं. १८४१ पासून युरोपबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ छापून आला. त्यात शंभरावर चित्रपानं होती.

ज्या यंत्रानं त्यांचा हात नेला, त्या यंत्रावर मात्र त्यांनी कधी राग धरला नाही. ते वाफेच्या जहाजांचे जाणकार झाले, 'आर्किमीड' या वाफेच्या नौकेचे कप्तान झाले, वाफेच्या यंत्रावर पुस्तकं लिहिली. त्यामुळे शिडांचे दिवस भरलेत, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळलं असावं. १८५९ ला फ्रान्सने 'ग्लुआर' ही लोखंडी चिलखताची युद्धनौका पाण्यात सोडली. त्यानंतर लाकडी, शिडाच्या मोठमोठ्या युद्धनौकांचा काळ मागे पडला. एका नौकेला शेकडो झाडांचं लाकूड लागायचं, बांधायला कित्येक वर्षं जायची. अशा नौका आता मोडीत निघू लागल्या.

१८६४ ला पारीस आरमारात व्हाइस ॲडमिरल झाले. १८७१ ला पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातल्या नौका संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा वय पासष्ट. निवृत्त होऊन घरी बसायचं ते वय, पण खरं मोठं काम त्यांनी इथूनच सुरू केलं. जुन्या गोद्यांचे आणि युद्धनौकांचे आराखडे गोळा करायचे, मापं ताडून बघायची, एका प्रमाणात पुन्हा काढायची. स्वतः फिरून आणलेल्या मापांवरून देशोदेशीच्या होड्यांच्या लाकडी प्रतिकृतीही त्यांनी कारागिरांकडून बनवून घेतल्या. राजाच्या युद्धनौकेला जागा मिळाली, तशीच कोळ्याच्या होडीलाही मिळाली.

हे आराखडे कपाटात पडून राहू नयेत म्हणून १८८२ पासून त्यांनी ते मोठ्या आकारात छापायला घेतले. भागामागून भाग निघत गेले. १८९३ साली, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना पारीस वारले. तोवर ते संग्रहालयाचंच काम बघत होते. शेवटचा, सहावा भाग त्यांच्या मागे १९०८ ला निघाला.

ज्या नौका त्यांनी मोजल्या, त्यातल्या बहुतेक जळाऊ लाकूड होऊन गेल्या. पण शिडाच्या युद्धनौकेची छोटी प्रतिकृती घडवणारे हौशी कारागीर आजही त्यांचीच चित्रपानं समोर ठेवून फळी कापतात. आणि आपल्या किनाऱ्यावरचा एखादा तरुण जुनी फत्तेमारी कशी होती हे शोधायला बसला, तर त्याच्या कामाची मापंही त्यात सापडतील.