व्हिक्टोरिया राणी आणि बाळाचा लेसचा अंगरखा

भगिनींनो, झबल्याला क्रोशाची लेस विणताना आपल्यापैकी कितीजणींच्या माना अवघडल्या असतील! म्हणून ही राणी तुम्हाला अगदीच परकी वाटायची नाही.

रुपयावरच्या मुखवट्यामुळे आपल्या पणज्या तिला ओळखत. जन्म २४ मे १८१९ चा, लंडनचा. आठ महिन्यांची असतानाच वडील वारले आणि १८३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी ती गादीवर बसली.

त्या सुमारास इंग्लंडात यंत्रावर जाळी निघू लागली होती. डेव्हन परगण्यात होनिटनच्या आसपास बायका घरोघर हाताने लेस करीत. घट्ट उशीवर टाचण्या टोचायच्या आणि लाकडी काड्यांना गुंडाळलेला बारीक दोरा त्यांच्याभोवती एकमेकांत फिरवायचा. फूल निराळे, पान निराळे. मग ती जाळीवर बसवायची. पाच-सहा वर्षांच्या पोरीसुद्धा या कामाला बसवीत. यंत्राच्या स्वस्त मालापुढे त्यांचे पोट कसे चालावे? १८४० च्या फेब्रुवारीत राणीचे आल्बर्टशी लग्न झाले, त्या लग्नाची लेस तिने मुद्दाम तिकडेच करायला दिली. बिअर गावी व आसपास दोनशेहून अधिक बायकांना काम मिळाले. आपल्या विणकरांचे माग तिथल्याच गिरण्यांच्या कापडाने बंद पडले, तेव्हा त्यांना मात्र अशी गिऱ्हाईक राणी भेटली नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

पुढे १८४१ साली थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे आपल्याकडच्या बारशासारख्या विधीसाठी, पांढऱ्या रेशमी साटिनवर होनिटनची लेस लावून लांबलचक अंगरखा केला. बाळाच्या पायांखाली तो कितीतरी लोंबे! नऊही मुलांना तो पुरला. गंमत अशी, की राणीला स्वतःला तान्ह्या बाळांचे फारसे कौतुक नव्हते आणि गरोदरपणाचा तर तिटकाराच होता. थोरल्या लेकीला तिने पत्रातून तसे मोकळेपणी कळवले होते. मला तिचा राग येत नाही. नऊ बाळंतपणे काय थोडी झाली? आठव्या खेपेला, १८५३ साली, तिने कळांसाठी क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा काही डॉक्टरांनी नाके मुरडली.

१८६१ साली आल्बर्ट वारले. त्यानंतर चाळीस वर्षे तिने काळे कपडे सोडले नाहीत. २२ जानेवारी १९०१ रोजी ती गेली, तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे तिला पांढरी वस्त्रे नेसवून लग्नातला लेसचा पदर घातला होता.

अंगरखा २००४ पर्यंत राजघराण्यातल्या बाळांना घालीत. मग तो फार जीर्ण झाला म्हणून एलिझाबेथ राणीने हुबेहूब दुसरा करवला, आणि २००८ पासून बाळांना तो नवा घालू लागले.