वसंताचा रंगलेखक : एलियट पोर्टर

फाल्गुन लागला की आमच्या गोव्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पाने गाळून फुलांनी पेटून उठतात. कुसुंबाची कोवळी पालवी तर इतकी तांबडी असते की दुरून पाहणाराला तो फुलांचाच बहर वाटावा. असेच एकदा आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन रानात गेलो होतो. हाताशी कॅमेरा होता, समोर कुसुंब होता आणि माथ्यावर दुपारचे लखलखीत ऊन होते. घरी परतून चित्रे पाहिली, तो तांबडा रंग त्यांत औषधालाही नव्हता. होते ते नुसते पांढरे कवडसे आणि काळ्या सावल्या! दोष अर्थात आमचाच. तो नेमका कोणता, हे आम्हांला पुढे एका अमेरिकन छायाचित्रकाराचे चरित्र वाचताना उमगले. त्या थोर पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

एलियट पोर्टर यांचा जन्म 6 डिसेंबर 1901 रोजी शिकागो शहराजवळील विनेट्का या गावी झाला. वडिलांना निसर्गाची विलक्षण आवड होती. 1912 मध्ये त्यांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळचे ग्रेट स्प्रूस हेड नावाचे एक बेट विकत घेतले, आणि पोर्टर कुटुंबाचे उन्हाळे तेथेच जाऊ लागले. लहानग्या एलियटच्या हाती एक साधा पेटी-कॅमेरा आला होता. त्याने त्या बेटावरील पक्ष्यांची घरटी टिपावीत हे ओघानेच आले. धाकटा भाऊ फेअरफील्ड पुढे नामांकित चित्रकार झाला.

एलियटची वाट मात्र विज्ञानाची होती. हार्वर्ड विद्यापीठातून 1924 मध्ये त्यांनी रसायन-अभियांत्रिकीची आणि 1929 मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. पुढे दहा वर्षे ते तेथेच अध्यापन व संशोधन करीत राहिले. छायाचित्रण हा फावल्या वेळचा छंद होता. परंतु भावाच्या ओळखीने ते न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्यापर्यंत पोहोचले. स्टिग्लिट्झ म्हणजे त्या काळच्या छायाचित्रकलेचे जणू परीक्षक-गुरू, आणि प्रशंसेच्या बाबतीत अत्यंत कृपण. पोर्टर दर खेपेस चित्रे घेऊन जात आणि आणखी परिश्रम करा एवढाच सल्ला घेऊन परत येत. अशी वर्षे लोटली. अखेर 1938 च्या शेवटी स्टिग्लिट्झ यांनी आपल्या दालनात पोर्टर यांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले, आणि त्यानंतर लवकरच, 1939 मध्ये, पोर्टर यांनी विद्यापीठाचा निरोप घेतला. घरची सांपत्तिक स्थिती चांगली होती, म्हणून उपासमारीचे भय नव्हते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही अडतिसाव्या वर्षी हातचे प्रतिष्ठित काम सोडून छंदाच्या मागे लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

आतापर्यंत त्यांची सारी चित्रे कृष्णधवल होती. रंगाकडे ते वळले ते पक्ष्यांमुळे. पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक काढावे म्हणून ते एका प्रकाशकाकडे गेले असता, रंगावाचून कोणता पक्षी कोणता हे वाचकाला ओळखता येणार नाही, अशी अडचण पुढे आली. रंगीत फिल्म तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. दुसरा कोणी खट्टू होऊन बसला असता; पोर्टर यांनी ती फिल्म घेतली आणि आपले रसायनशास्त्र कामास लावले. 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या रंगीत पक्षिचित्रांचे प्रदर्शन भरले. महायुद्धाच्या काळात काही वर्षे रडारच्या संशोधनात गेली. 1946 मध्ये ते न्यू मेक्सिको राज्यात सांता फे नगराजवळील टेसुके या खेड्यात कायमचे राहावयास गेले.

त्यांची छपाईची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. एका रंगीत पारदर्शिकेवरून तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेआडून तीन निरनिराळ्या कृष्णधवल प्रती काढावयाच्या. त्या प्रत्येकीवरून जिलेटिनचा एकेक ठसा तयार करावयाचा. मग हे तीन ठसे अनुक्रमे आकाशी, किरमिजी व पिवळ्या रंगात भिजवून एकाच कागदावर एकावर एक तंतोतंत दाबावयाचे. केसभर सरकले की चित्र बिघडले! काम किचकट खरे, परंतु प्रत्येक रंग किती गडद ठेवावयाचा हे सर्वस्वी छपाई करणाराच्या हाती राहते. त्या वेळी रंगीत छायाचित्र म्हणजे जाहिरातीची वस्तू, कला म्हणजे कृष्णधवलच, असा जाणकारांचा समज होता. पोर्टर त्याविरुद्ध वाद घालीत बसले नाहीत; अंधाऱ्या खोलीत ठसे दाबीत राहिले.

आता आमच्या चुकीविषयी. पोर्टर रानात बहुधा मोठा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून काम करीत आणि त्यांना भर उन्हापेक्षा ढगाळलेल्या दिवसाचा मऊ प्रकाश अधिक प्रिय असे. कडक उन्हात कवडसा आणि सावली यांतील अंतर इतके वाढते की दोन्ही एकाच चित्रात मावत नाहीत. शिवाय पानाच्या तुकतुकीत पृष्ठभागावरून ऊन परावर्तित होते आणि त्या चकाकीखाली पानाचा मूळ रंग लपतो. आभाळ झाकोळलेले असले म्हणजे प्रकाश चोहोंकडून सारखा उतरतो आणि कोवळ्या पालवीतील पोपटी, गुलाबी, तांबूस अशा सूक्ष्म छटा प्रकट होतात. जवळची फांदी आणि दूरची खोडे सारखीच रेखीव यावयाची तर भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते, म्हणून प्रकाश आत घेण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पान हलता कामा नये. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत उभे राहणे हाही त्या कामाचाच भाग.

असे टिपलेले न्यू इंग्लंडच्या रानातील ऋतू पत्नी ॲलीन यांच्या सूचनेवरून त्यांनी हेन्री डेव्हिड थोरो यांच्या लेखनातील उताऱ्यांशी जोडले. छपाईचा खर्च ऐकून प्रकाशक मागे हटत होते. अखेर 1962 मध्ये सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने ते पुस्तक प्रसिद्ध केले. किंमत 25 डॉलर, म्हणजे त्या काळी भरमसाट. तरी ते हातोहात खपले. पोर्टर तेव्हा साठीत होते.

पुढच्याच वर्षी आलेले पुस्तक मात्र दुःखाचे. कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅन्यन नावाच्या खोल दरीत पोर्टर 1960 पासून जात होते. तेथे धरण उभे राहत होते, आणि 1963 मध्ये पाणी अडविले जाऊन दरी बुडू लागली. पोर्टर यांची चित्रे त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. लोकांनी ती पाहिली तेव्हा वाचविण्यासारखे काही उरले नव्हते. 1965 मध्ये पोर्टर त्या संस्थेच्या संचालक मंडळावर गेले.

ही ठेच मनात ठेवूनच त्यांचे 1968 चे एक चित्र पाहावे असे आम्हांस वाटते. केंटकी राज्यातील रेड रिव्हर नदीच्या घळीतही धरण बांधण्याची योजना होती. घळीजवळच्या सखल रानात रेडबड नावाची झाडे आहेत. आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्या वनस्पतिकुळातील हा जवळचा नातलग. त्याचे पान मात्र दुभंगलेले नसून बदामाच्या आकाराचे असते. पळसाप्रमाणेच हा पाने येण्याआधी फुलतो, आणि फुले नुसत्या डहाळीवर नव्हे तर जुन्या फांद्यांवर, प्रसंगी खोडावरही थेट उमलतात. चित्रात भोवतालचे रान अजून बहुतांशी निष्पर्ण आहे. करड्या सडपातळ खोडांच्या गर्दीतून तो गुलाबी रंग आडवा पसरला आहे. आकाश नाही, डोंगर नाही, एक मुख्य झाडदेखील नाही. शास्त्रज्ञाच्या शिस्तीने पोर्टर चित्राला स्थळ व दिनांक यांचेच नाव देत. या चित्राचा दिनांक 17 एप्रिल 1968.

पोर्टर यांचे निधन 2 नोव्हेंबर 1990 रोजी सांता फे येथे झाले. आपला सारा चित्रसंग्रह त्यांनी टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या एमॉन कार्टर संग्रहालयास देऊन ठेवला होता. त्या तीन ठशांच्या छपाईचे साहित्यही पुढे काही वर्षांतच निघेनासे झाले. रेड रिव्हरवरील धरणाची योजना पुष्कळ लोकांच्या विरोधामुळे 1975 मध्ये मागे पडली आणि 1993 मध्ये त्या नदीच्या एका भागास कायद्याचे संरक्षण मिळाले. ती घळ बुडाली नाही. एप्रिल आला की तेथे रेडबड फुलतो.